चौघांच्या टेबलावर गॉब्लिन डेक का हरतो, आणि त्यात काय बदलावं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मॅजिक: द गॅदरिंग या पत्त्यांच्या खेळाच्या कमांडर प्रकारात (यात डेकचं म्होरक्या कार्ड, म्हणजे कमांडर, नेहमी हाताशी असतं) तुमचा एकरंगी लाल गॉब्लिन डेक आहे, कमांडर क्रेन्को, मॉब बॉस. दोघंच बसलात तर तो बहुतेक वेळा जिंकतो. चौघं बसलात की सगळ्यांत आधी बाहेर पडणारे तुम्हीच. समोरचे तिघं ठरलेले आहेत. एकाचा निळा-पांढरा कंट्रोल (समोरच्यांची कार्डं रोखत राहणारा), दुसऱ्याचा काळ्या रंगातला क्रिएचर (लढणारी कार्डं) बळी देऊन लाइफ शोषणारा डेक, तिसऱ्याचा निळा-काळा कॉम्बो (ठरावीक कार्डं जुळली की एका फटक्यात जिंकणारा). या तिघांवर भारी पडेल असा कोणता डेक घ्यावा?

माझं स्पष्ट उत्तर: डेक बदलू नका. त्यातली बारा-पंधरा कार्डं बदला, आणि क्रेन्को कधी उतरवायचा ते बदला. कारण 'कोणता डेक कोणाला हरवतो' हा हिशेब दोघांच्या खेळातला आहे. तिथे वेगवान डेक कॉम्बोला गाठतो, कॉम्बो कंट्रोलला दमवतो, कंट्रोल वेगवान डेकला थोपवतो, असं ढोबळ चक्र धरता येतं. चौघांत हे चक्र मोडतं, कारण तुम्ही ज्याला थोपवता त्याच्याखेरीज आणखी दोघं मोकळे असतात. तिथे मी प्रत्येक डेकला एकच प्रश्न विचारते: हा डेक टेबलाच्या डोळ्यावर कधी येतो, आणि त्यानंतर जिंकेपर्यंत बाकीच्यांना किती फेऱ्या मिळतात? तुमच्या आत्ताच्या डेकमध्ये त्या फेऱ्या फार जास्त आहेत. सगळा घोटाळा तिथे आहे.

आधी आकडे बघू. साध्या दोघांच्या डावात समोरच्याचं लाइफ २०. लाइटनिंग बोल्ट हे कार्ड एका लाल मॅनात (मॅना म्हणजे कार्ड टाकण्याची किंमत, ती मुख्यतः लँड कार्डांतून मिळते) ३ डॅमेज करतं, म्हणजे विजयाच्या वाटेतला १५ टक्के भाग एका कार्डात. कमांडरमध्ये प्रत्येकाचं लाइफ ४०, समोर तिघं, म्हणजे १२०. तोच बोल्ट आता अडीच टक्के. कार्ड तेच, मॅना तोच, किंमत एक-षष्ठांश. छोटे, स्वस्त, भराभर मारणारे गॉब्लिन याच गणितात बुडतात. पहिल्या पाच टर्नमध्ये तुम्ही एखाद्याला १५-१६ डॅमेज करता, त्याचं फारसं बिघडत नाही, आणि तुमची कार्डं मात्र संपत येतात.

हा खेळ मुळात सावकाश चालावा म्हणूनच तसा बांधला गेला. अलास्कातल्या खेळाडूंनी तो सुरू केला तेव्हा त्याचं नाव होतं एल्डर ड्रॅगन हायलँडर, आणि १९९४ च्या लेजंड्स संचातले पाच एल्डर ड्रॅगन हेच कमांडर असायचे. शेल्डन मेनेरी या जजने (स्पर्धेतल्या पंचाने) तो जगभर नेला, आणि २०११ मध्ये मॅजिक काढणाऱ्या विझर्ड्स ऑफ द कोस्टने कमांडर नावाने तयार डेक काढले. शंभर कार्डं, बेसिक लँड सोडून प्रत्येक कार्ड एकदाच, ४० लाइफ. मोठमोठे ड्रॅगन उतरायला वेळ मिळावा असाच हा सगळा ढाचा आहे. त्यात वेगवान डेक टिकवायचा तर त्याची मारण्याची रीतच बदलावी लागते.

दुसरं गणित कार्डांचं. तुम्ही एक कार्ड खर्चून कंट्रोलवाल्याचं एक कार्ड मारलंत. तुमचं एक गेलं, त्याचं एक गेलं. उरलेल्या दोघांचं काहीच गेलं नाही, आणि त्यांना एक पैसाही न खर्चता फायदा झाला. दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ. इथे तर चौथ्याचाही. म्हणून चौघांच्या टेबलावर काउंटरस्पेल किंवा स्वोर्ड्स टू प्लाउशेअर्ससारखी एकास एक कार्डं फक्त एकाच कामासाठी राखायची: जे थांबवलं नाही तर डावच संपेल, त्यासाठी. बाकी सगळी कार्डं शक्यतो अशी हवीत जी समोर जितके जास्त लोक तितकी जास्त काम करतात.

काळ्या डेकमधलीच दोन कार्डं शेजारी ठेवून बघा. ब्लड आर्टिस्ट: क्रिएचर मेलं की एका खेळाडूचं १ लाइफ जातं, तुमचं १ वाढतं. झुलापोर्ट कटथ्रोट: तुमचं क्रिएचर मेलं की प्रत्येक विरोधकाचं १ जातं. दोन्ही दोन मॅनाची. स्वतःची दहा क्रिएचर बळी दिली तर पहिलं १० लाइफ काढतं, दुसरं तिघांकडून मिळून ३०. म्हणजे चौघांच्या टेबलावर दुसऱ्याचा मारा तिप्पट आहे. (ब्लड आर्टिस्ट समोरच्यांची क्रिएचर मेल्यावरही चालतो, म्हणून तोही वाईट नाही; पण फरक कुठे आहे तो ओळखायला हवा.)

तुमच्या लाल रंगात हेच काम करणारी दोन कार्डं आहेत आणि ती तुमच्या डेकमध्ये नसतील तर आधी ती घाला. इम्पॅक्ट ट्रेमर्स, दोन मॅनाचं एन्चांटमेंट (टेबलावर टिकून राहणारी जादू): तुमचं क्रिएचर बोर्डवर आलं की प्रत्येक विरोधकाला १ डॅमेज. आणि परफॉरॉस, गॉड ऑफ द फोर्ज, चार मॅना: दुसरं कुठलंही क्रिएचर तुमच्याकडे आलं की प्रत्येक विरोधकाला २. या दोघांपुढे घोस्टली प्रिझनसारख्या भिंती निकामी होतात. घोस्टली प्रिझन असताना प्रत्येक हल्लेखोरामागे २ मॅना भरावे लागतात. १२ गॉब्लिन पाठवायचे तर २४ मॅना, म्हणजे तुमचा हल्ला संपलाच. ट्रेमर्सला हल्ल्याची गरजच नाही. आणि कंट्रोलवाल्याने राथ ऑफ गॉड टाकून सगळी क्रिएचर साफ केली तरी ट्रेमर्स जागेवर राहतं. परफॉरॉसही राहतो, कारण तो इनडिस्ट्रक्टिबल, म्हणजे नष्ट न होणारा, आहे. फेअरवेलसारखं हद्दपार करणारं कार्ड आलं तर तेही जातील, पण ते सहा मॅनाचं आहे आणि त्याच्याकडे एकच असणार.

आता तुमचा नेहमीचा डाव कसा जातो ते मांडते. टर्न २ ला एक गॉब्लिन, टर्न ३ ला दुसरा, टर्न ४ ला क्रेन्को. क्रेन्को टॅप केला (आडवा करून वापरला) की तुमच्याकडे जितके गॉब्लिन तितके नवे १/१ (मारा १, टिकाव १) गॉब्लिन येतात. टर्न ५ ला तीनाचे सहा. टर्न ६ ला सहाचे बारा. टर्न ७ ला चोवीस होणार हे टेबलावरच्या प्रत्येकाला गणित न करता कळतं. टर्न ४ पासून तिघांनी मिळून तुमच्याविरुद्ध काही शोधायला तीन पूर्ण फेऱ्या, म्हणजे नऊ टर्न मिळाले. नऊ टर्नमध्ये एकाला तरी बोर्ड वाइप (सगळी क्रिएचर एकदम साफ करणारं कार्ड) मिळतोच. तो टर्न ७ च्या आधी पडतो, तुमच्या हातात एक-दोन कार्डं उरलेली असतात, आणि क्रेन्को परत उतरवायला आता चाराऐवजी सहा मॅना लागतात, कारण कमांडर पुन्हा उतरवताना दर वेळी दोन मॅना जास्त पडतात. तिथून तुम्ही फक्त बसून बघता.

तोच क्रेन्को दुसऱ्या रीतीने. टर्न २ ला लाइटनिंग ग्रीव्ह्ज. मग स्कल्क्लॅम्प आणि एखादा गॉब्लिन. मग ट्रेमर्स आणि आणखी एक गॉब्लिन. टेबलाला हे बघून काळजी वाटते, पण घाबरण्यासारखं काही दिसत नाही. दोन-तीन गॉब्लिनवर कोणी वाइप खर्च करत नाही. आठ मॅना जमेपर्यंत थांबायचं. समजा बोर्डवर पाच गॉब्लिन आहेत. आता एकाच टर्नमध्ये परफॉरॉस, मग क्रेन्को, ग्रीव्ह्ज शून्य मॅनात क्रेन्कोच्या पायात, म्हणजे तो आल्या आल्या टॅप करता येतो. नुसत्या क्रेन्कोच्या येण्याने प्रत्येकाला ३ डॅमेज. मग सहा गॉब्लिनचे सहा नवे, प्रत्येकामागे परफॉरॉसचे २ आणि ट्रेमर्सचा १, असे प्रत्येकाला १८. एकूण २१, तिघांनाही, हल्ला न करता. पुढच्या टर्नला बाराचे बारा नवे: प्रत्येकाला ३६. डाव संपला. इथे टेबलाला किती फेऱ्या मिळाल्या? एक. आणि त्या एका फेरीत वाइप पडलाच तरी तिघांचंही लाइफ निम्म्यावर आलेलं आहे आणि तुमची दोन्ही मारणारी कार्डं बहुधा शाबूत आहेत.

क्रेन्को कमांडर आहे, तो कुठे पळून जात नाही. तो नेहमी तुमच्या हाताशी आहे, म्हणूनच त्याला टर्न ४ ला टाकण्याची घाई करायची नाही.

थांबायचं म्हणजे रिकामं बसायचं असं मात्र नाही. टेबलावर सगळ्यांत बलवान दिसणारा मार खातो, आणि सगळ्यांत दुबळा दिसणाराही, कारण ज्याच्यापुढे ब्लॉकर नाहीत त्याच्यावर मोकळा हल्ला करता येतो. तुम्हाला दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकावर दिसायचं आहे. चार-पाच गॉब्लिन उभे असले की बारीकसारीक हल्ले दुसरीकडे वळतात.

स्कल्क्लॅम्पबद्दल वेगळं सांगते, कारण गॉब्लिन डेकमध्ये त्याच्याइतकं महत्त्वाचं एकही कार्ड नाही असं माझं मत आहे. एक मॅनाचं इक्विपमेंट, चढवायला एक मॅना, आणि धारकाला +१/-१. तुमचा १/१ गॉब्लिन ते चढवताच २/० होऊन मरतो आणि तुम्ही दोन कार्डं ओढता. म्हणजे एका मॅनात दोन कार्डं, जितके गॉब्लिन तितक्या वेळा. लाल रंग कार्डांच्या बाबतीत गरीब आहे ही तक्रार इथे मिटते. वाइपनंतर उठून उभं राहण्याची ताकद हातातल्या कार्डांतूनच येते. तसंच गॉब्लिन बंबार्डमेंट: गॉब्लिन बळी द्या, कुठेही १ डॅमेज. समोरच्याने राथ टाकलं की ते लागू होण्याआधी बाराही गॉब्लिन एकाच्या अंगावर फेकता येतात. मरायचेच आहेत, तर बारा डॅमेज करून मरू द्या.

प्रत्येक कार्ड एकच असतं, मग ही हाती येणार कशी? एकाच कार्डावर भिस्त ठेवू नका, त्या कामाची आठ-दहा कार्डं ठेवा. ९९ कार्डांत एका कामाची १० असली तर सुरुवातीच्या सात कार्डांत त्यातलं किमान एक असण्याची शक्यता साधारण ५४ टक्के, आणि टर्न ४ पर्यंत, म्हणजे ११ कार्डं बघून झाल्यावर, ७१ टक्के. एकच कार्ड ठेवलं तर सुरुवातीच्या हातात ते जेमतेम ७ टक्के वेळा येतं. म्हणून मॅना वाढवणारी दहा, कार्डं मिळवून देणारी आठ-दहा, तिघांना एकदम मारणारी सात-आठ, समोरच्याची धोकादायक कार्डं उडवणारी पाच-सहा, आणि लँड ३५-३६. यासाठी काय काढायचं? नुसते मारायला धावणारे दोन-तीन मॅनाचे गॉब्लिन, बोल्टसारखी थेट डॅमेजची कार्डं, आणि हल्ल्यापुरतीच कामाला येणारी बहुतेक कार्डं. मन घट्ट करून काढा.

आता समोरच्या तिघांकडे वळू.

कंट्रोलवाला तुम्हाला वाटतो तितका भक्कम नाही. दोघांच्या डावात त्याला एकाचंच उत्तर द्यायचं असतं, इथे तिघांचं. त्यामुळे तो निवड करतो, आणि त्याच्या निवडीत पहिले न येणं एवढंच तुमचं काम. त्याचं खरं धोकादायक कार्ड म्हणजे सायक्लॉनिक रिफ्ट. दोन मॅनात ते एक कार्ड हातात परत पाठवतं. सात मॅनात त्याच्याखेरीज सगळ्यांची लँड सोडून सगळी कार्डं. टोकन (क्रेन्कोने निर्माण केलेले गॉब्लिन, ज्यांचं खरं कार्ड नसतं) हातात परत जात नाहीत, ते नाहीसेच होतात. तो ते केव्हा टाकणार हेही ठरलेलं आहे: त्याच्या उजवीकडच्या खेळाडूच्या टर्नच्या अगदी शेवटी, म्हणजे लगेच त्याची टर्न आणि सगळ्यांचे बोर्ड रिकामे. सात लँड मोकळ्या ठेवून तो टर्न संपवत असेल तर त्या फेरीत हातातली सगळी कार्डं बोर्डवर ओतू नका.

काळ्या डेकची गोष्ट उलटी आहे. त्याला बोर्ड वाइपची भीती नाही, उलट तो त्याची वाट बघतो. व्हिसेरा सीअरसारखं बळी घेणारं कार्ड आणि कटथ्रोट एकत्र असले की तुमच्या ब्लॅस्फेमस ॲक्टला (लाल रंगातला बोर्ड वाइप) उत्तर म्हणून तो सगळी क्रिएचर स्वतःच बळी देतो आणि तिघांचं लाइफ खेचतो. म्हणून त्याच्यावर वाइप टाकायचाच नाही. त्याचं बळी घेणारं कार्ड किंवा लाइफ खेचणारं कार्ड नेमकं उडवायचं, आणि त्याचं ग्रेव्हयार्ड (मेलेल्या आणि वापरून झालेल्या कार्डांचा ढीग) साफ ठेवायचं. एक मॅनाचं सोल-गाइड लँटर्न कुठल्याही रंगात चालतं: बोर्डवर पडून राहतं, आणि वेळ आली की सगळ्या विरोधकांचं ग्रेव्हयार्ड हद्दपार करतं. गरज नाही पडली तर ते मोडून एक कार्ड ओढता येतं. दोन अशी कार्डं ठेवा.

कॉम्बोवाला हा तुमचा खरा प्रश्न, कारण तो १२० लाइफ मोजतच नाही. निळ्या-काळ्यात बहुधा थासाज ऑरॅकल आणि डिमॉनिक कन्सल्टेशन ही जोडी असते. ऑरॅकल दोन मॅना, कन्सल्टेशन एक. ऑरॅकल बोर्डवर येतं, त्याचा परिणाम लागू व्हायच्या आधी तो कन्सल्टेशन टाकून डेकमध्ये नसलेल्या कार्डाचं नाव घेतो आणि स्वतःची सगळी लायब्ररी (ओढायची उरलेली गड्डी) हद्दपार करतो. लायब्ररी रिकामी, ऑरॅकल म्हणतं तू जिंकलास. इथे बरेच जण ऑरॅकललाच मारायला जातात. त्याने काही होत नाही: ऑरॅकल बोर्डवरची निळी मॅना-चिन्हं मोजतं, आणि ती लायब्ररीतल्या कार्डांइतकी किंवा जास्त असली की जिंकवतं; ते मेलं तर मोजणी शून्य होते, पण लायब्ररीतही शून्यच कार्डं असतात, आणि शून्याला शून्य पुरतं. तुमच्याकडे लाल रंगातलं उत्तर पायरोब्लास्ट, एका मॅनात निळं कार्ड रोखणारं. पण ते ऑरॅकल टाकलं जातानाच वापरायचं. कन्सल्टेशन काळं आहे. तिथवर थांबलात तर पायरोब्लास्ट हातातच राहील.

इथे कोण कुठे बसलंय हेही मोठं असतं. त्याने कार्ड टाकलं की उत्तर देण्याची संधी आधी त्याच्या डावीकडच्याला, मग पुढच्याला, शेवटी उजवीकडच्याला. डावीकडचा नेहमी विचार करतो की पुढचा देईल उत्तर, मी कशाला माझं कार्ड घालवू. तुम्ही डावीकडे असाल तर मोकळेपणाने विचारा: कोणाकडे उत्तर आहे? नियमात बोलायला बंदी नाही. तुम्ही त्याच्या उजवीकडे असाल तर सगळे तुमच्यावर सोडून देतील, म्हणून एक लाल मॅना कायम उभा ठेवा. आणि हल्ला करण्यासारखे चार गॉब्लिन असतील तेव्हा सुरुवातीच्या टर्नमध्ये ते त्याच्यावरच जाऊ द्या. काळ्या रंगातले कॉम्बो डेक लाइफ भरून कार्डं ओढतात. त्याचं लाइफ ४० वरून २५ वर आलं की त्याचा हात आखडतो.

हल्ला कोणावर करायचा याचा माझा एकच नियम आहे: सगळ्यांत मोठा बोर्ड कोणाचा हे बघू नका, सगळ्यांत जास्त कार्डं कोणाच्या हातात आहेत ते बघा.

बाकी प्रकारांबद्दल थोडक्यात, कारण तुम्ही बदलायचा विचार करत आहात. एकाच कमांडरला हत्यारं चढवून मारणारे डेक आकड्यात आकर्षक दिसतात: एकाच कमांडरचं २१ कॉम्बॅट डॅमेज बसलं की खेळाडू बाद, म्हणजे १२० ऐवजी ६३. पण ते एकेकाला मारतात, पहिला बाद झाल्यावर उरलेले दोघं सावध होतात, आणि प्रत्येकाला एक क्रिएचर बळी द्यायला लावणारं एक काळं कार्ड सगळी मेहनत वाया घालवतं. सगळ्यांना फुकट कार्डं वाटणारे डेक मला पटत नाहीत. ती कार्डं सगळ्यांत चांगली वापरणारा कॉम्बोवाला असतो आणि डाव त्यालाच जातो. सगळ्यांचे मॅना अडवून ठेवणारे डेक घरच्या टेबलावर आणू नका, लोक पुढच्या आठवड्यात यायचे नाहीत.

ताकदीबद्दल आधी बोलून घ्या. फेब्रुवारी २०२५ पासून विझर्ड्सने कमांडर डेकसाठी पाच ब्रॅकेट (ताकदीच्या पायऱ्या) मांडले आहेत, आणि रिस्टिक स्टडी, सायक्लॉनिक रिफ्ट, थासाज ऑरॅकल अशा कार्डांची वेगळी यादी ठेवली आहे. तिसऱ्या ब्रॅकेटमध्ये त्यातली तीनच चालतात आणि दोन कार्डांचे झटपट कॉम्बो अपेक्षित नसतात. तुमच्या मित्राचा टर्न ४ चा ऑरॅकल आणि तुमचा गॉब्लिन डेक एका ब्रॅकेटचे नाहीत हे त्याला सरळ सांगता येईल. तुमच्याकडेही क्रेन्को, थॉर्नबाइट स्टाफ आणि एखादं बळी घेणारं कार्ड यांचा न संपणारा कॉम्बो होतो. तो घालणार असाल तर तेही टेबलाला आधी सांगा. नवी कार्डं विकत घेण्याआधी त्यांची कागदावर छापलेली नक्कल घालून चार-सहा डाव खेळून बघा, अर्थात बाकीच्यांना विचारून.

आणि कंट्रोलवाल्याने रिस्टिक स्टडी टाकलं (तुम्ही कार्ड टाकताना एक मॅना जादा भरला नाही तर तो एक कार्ड ओढतो), की तो दर वेळी विचारेल, एक मॅना भरणार का? भरा. एक टर्न उशीर झाला तरी चालेल, पण भरा, आणि बाकी दोघांनाही भरायला लावा. एकानेच भरून उपयोग नाही. ते कार्ड तीन फेऱ्या बोर्डवर राहिलं आणि तुम्ही तिघांनी आळस केला, तर तो सहा-सात कार्डं पुढे जातो, आणि त्या सात कार्डांत रिफ्ट असतंच.